मायरबाईंच्या बिनपगारी वर्षांचं कौतुक नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या महिला दिनाच्या पुरवणीत नोबेल विजेत्या अणुभौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मायर यांच्यावर लेख आला, हे पाहून बरं वाटलं. स्त्री शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याकडे मादाम क्युरींपाशी गाडी थांबते. मायरबाईंचं नाव मराठीत फार कमी वेळा छापून येतं, त्यामुळे लेख मी वर्गातही वाचून दाखवला. पण त्यातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. 'पगाराची अपेक्षा न ठेवता त्यांनी आयुष्यभर विज्ञानाची सेवा केली', असं आपल्या लेखात म्हटलं आहे आणि ते कौतुकाने म्हटलं आहे.

पुरवणी आल्यावर दोन-तीन दिवसांतच ते कात्रण आमच्या स्टाफरूमच्या फलकावर लागलं. पुढच्याच बैठकीत संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी तासिकेवरच्या आम्हा शिक्षकांना ते वाचून दाखवलं. मानधनाची बिलं पुढे कधी सरकणार, एवढंच आम्ही विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं, 'बघा, या बाईंना पगार नव्हता, तरी नोबेल मिळालं.' म्हणून हे पत्र.

मी राजापूर तालुक्यात, खाडीलगतच्या एका गावात राहते आणि अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. बरीच वर्षं तासिका तत्त्वावर आहे. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवढे तास घ्याल तेवढ्यांचेच पैसे. गणपतीच्या सुट्टीत, दिवाळीत, मे महिन्यात काही नाही. जर्नल तपासणं, प्रॅक्टिकलची मांडामांड, पोरांच्या शंका, पालकांचे फोन हे सगळं त्या तासाबाहेरचं. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. माझ्यासारख्या शेकड्याने आहेत आणि त्यात बायका पुष्कळ आहेत, कारण 'घर चालवायला नवरा आहेच' हे गृहीत धरलेलं असतं.

नेमकं हेच मायरबाईंच्या बाबतीत गृहीत धरलं गेलं होतं. म्हणून त्यांची हकिगत नीट मांडावीशी वाटते.

त्यांचा जन्म २८ जून १९०६ चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या आणि आता पोलंडमध्ये असलेल्या काटोवित्स गावातला. वडील बालरोगतज्ज्ञ आणि प्राध्यापक. वडिलांच्या बाजूने सलग सहा पिढ्या विद्यापीठात शिकवणाऱ्यांच्या. १९१० मध्ये घर ग्योटिंगेनला आलं आणि मुलगी ज्या गावात वाढली ते गणित आणि भौतिकशास्त्राचं माहेरघरच होतं. तू नुसती गृहिणी होऊ नकोस, असं वडिलांनी एकुलत्या एका लेकीला लहानपणीच बजावलं होतं. मुलींना विद्यापीठाच्या प्रवेशासाठी तयार करणारी एक छोटी शाळा गावात होती. महागाईच्या लाटेत ती बंद पडली, तेव्हा मारियाने एक वर्ष आधीच परीक्षेला बसून ती पार केली. १९२४ मध्ये गणितासाठी विद्यापीठात नाव घातलं. पुढे तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक माक्स बॉर्न यांच्या सहवासात क्वांटम मेकॅनिक्सची गोडी लागली आणि गणित सुटून भौतिकशास्त्र हाती आलं.

१९३० मध्ये डॉक्टरेट. तिच्या परीक्षक मंडळात बॉर्न, जेम्स फ्रांक आणि आडोल्फ विंडाउस असे तिघे होते. तिघांनाही कधी ना कधी नोबेल मिळालं. प्रबंधाचा विषय असा की, एखादा अणू एकाच वेळी प्रकाशाचे दोन कण, म्हणजे फोटॉन, शोषून घेऊ शकेल का? कागदावर त्यांनी ते शक्य असल्याचं दाखवलं. प्रयोगाने पडताळायला लेझर लागणार होता, तो यायला तीस वर्षं लागली. १९६१ मध्ये ते सिद्ध झालं आणि आज दोन फोटॉन शोषणाच्या मोजमापाचं एकक त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनी, जीएम म्हणून ओळखलं जातं. हे चोविसाव्या वर्षापूर्वीचं काम आहे.

१९३० च्याच जानेवारीत ज्यो मायर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाशी लग्न झालं. ते त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला आले होते. दोघं बाल्टिमोरला गेले. ज्यो यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. बाईंना मिळाली नाही. एकाच घरातल्या दोघांना नोकरी द्यायची नाही, असा तिथला नियम होता. शिवाय मंदीचे दिवस, प्राध्यापकाच्या बायकोला कामाला ठेवण्याची कोणाची तयारी नव्हती. त्यांना दिलं काय, तर जर्मन पत्रव्यवहारात मदत करण्याचं किरकोळ मोबदल्याचं काम आणि बसायला जागा. त्यातच त्यांनी शिकवलं, संशोधन केलं, १९३३ मध्ये मुलगी झाली, १९३५ मध्ये दुहेरी बीटा क्षयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. काही अणुकेंद्रकं एकदम दोन इलेक्ट्रॉन बाहेर टाकू शकतील, हे त्यात होतं. त्या निबंधाचा धागा पकडून आजही भूमिगत प्रयोगशाळांत प्रयोग चालतात.

१९३८ मध्ये मुलगा झाला. १९३९ मध्ये नवऱ्याच्या नोकरीबरोबर न्यू यॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात. तिथेही खोली मिळाली, पगार नाही. सांख्यिकीय यामिकीवरचं दोघांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं, ते पुढे वर्षानुवर्षं वापरलं गेलं. डिसेंबर १९४१ मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात अर्धवेळ शिकवण्याची पगारी नोकरी लागली. डॉक्टरेटनंतर अकरा वर्षांनी! पुढच्या वर्षी युद्धाच्या कामात, युरेनियम २३५ वेगळं करण्याच्या प्रकल्पात घेतलं, तेही अर्धवेळ. त्यांच्या वाट्याला आलेला मार्ग प्रकाशाच्या साहाय्याने ते वेगळं करण्याचा होता, तो काही उपयोगी ठरला नाही.

१९४६ मध्ये दोघं शिकागोला आले. विद्यापीठाने बाईंना सहयोगी प्राध्यापक केलं, पण ऐच्छिक, म्हणजे विनावेतन. या शिकागोबद्दल बाईंनी स्वतः चांगलं लिहून ठेवलं आहे. इथे पहिल्यांदा आपण कोणाला अडचण वाटलो नाही, आपलं मनापासून स्वागत झालं, असं त्या म्हणतात. ते मी नाकारत नाही. स्वागत झालं हे खरं आणि पगार दिला नाही हेही खरं. चांगल्या वागणुकीने पगाराची भरपाई होत नसते.

आणि इथे आपल्या लेखात जे सुटलं ते येतं. त्याच १९४६ मध्ये शिकागोजवळ आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा सुरू झाली आणि रॉबर्ट सॅक्स या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने बाईंना तिथे अर्धवेळ, पण पगारी, ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ म्हणून बोलावलं. मला अणुकेंद्राचं काही येत नाही, असं त्या म्हणाल्या. शिकाल, असं त्यांना सांगण्यात आलं. ज्या कामासाठी नोबेल मिळालं ते या नोकरीत असताना झालेलं आहे. म्हणजे 'पगार नव्हता तरी नोबेल मिळालं' हे वाक्य मुळातच चुकीचं आहे. पगार दिला म्हणून शोध लागतो, असं मी म्हणणार नाही. प्रबंध आणि बीटा क्षयाचं काम बिनपगारीच होतं, आणि तेही थोर होतं. पण बिनपगारी राबलं म्हणून नोबेल मिळालं, हा अर्थ या आयुष्यातून कोणी काढू नये.

ते काम काय होतं, हे आपल्या लेखात दोन ओळींत आटोपलं आहे. मला त्याबद्दल जरा सविस्तर लिहू द्या, कारण हा वर्गातला माझा सगळ्यात आवडता तास आहे.

अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. बाई तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांच्याबरोबर मूलद्रव्यं कशी तयार झाली असतील याचा विचार करत होत्या. निसर्गात कोणतं मूलद्रव्य किती सापडतं, याचे आकडे चाळताना त्यांच्या लक्षात आलं की, प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनची संख्या ठरावीक असली की ते केंद्रक विशेष टिकाऊ असतं. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. यूजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी या आकड्यांना जादूई संख्या म्हटलं, तेच नाव पडलं.

मी पोरांना सांगते, लांब जायला नको. पूर्वी कल्हईवाला भांड्यांना जे कथील लावायचा त्यात ५० प्रोटॉन असतात. कथलाची स्थिर समस्थानिकं, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले टिकाऊ प्रकार, दहा आहेत, दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याची एवढी नाहीत. शेजारच्या अँटिमनीकडे एक प्रोटॉन जास्त, ५१, आणि त्याची स्थिर समस्थानिकं फक्त दोन. आता जाळं. आमच्याकडे निम्मी मुलं दर्यावर जाणाऱ्या घरांतली. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, त्याशिवाय जाळं पाण्यात उभं राहत नाही. त्या शिशातले निम्म्याहून अधिक अणू ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉनवाले, म्हणजे दोन्ही आकडे जादूई. एका मुलाने दुसऱ्या दिवशी वडिलांच्या जाळ्याची एक गोळी खिशातून आणून टेबलावर ठेवली. जुनी, खाऱ्या पाण्याने करडी झालेली, दोरी घासून भोकाच्या कडा गुळगुळीत झालेल्या. ती हातोहात वर्गभर फिरली. जड केंद्रकं क्षय पावत पावत अखेर शिशाशी येऊन का थांबतात, हा प्रश्न मग मला विचारावा लागला नाही, त्यांनीच विचारला.

आकडे दिसले, पण कारण काय? इलेक्ट्रॉनांची जशी कवचं असतात तशी केंद्रकातही असावीत, हा विचार जुनाच होता. साधा हिशोब केला की २, ८, २० बरोबर यायचे आणि पुढे ४०, ७०, ११२ यायचे, म्हणजे गणित चुकायचं. ५०, ८२, १२६ काही केल्या येत नव्हते. तेव्हाचे बहुतेक शास्त्रज्ञ केंद्रकाला द्रवाचा थेंब मानत होते. त्यात कवचाला जागाच नव्हती. बाईंनी पुराव्याचे आकडे गोळा करणं सोडलं नाही.

एके दिवशी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी त्यांच्या खोलीत बसले होते. फोन आला म्हणून उठून जाताना त्यांनी विचारलं, स्पिन, म्हणजे कणाची स्वतःची फिरकी, आणि कक्षा यांच्यात काही संबंध दिसतो का? बाईंना क्षणात सगळं उलगडलं. फर्मी परत येईपर्यंत त्या भराभर सांगायलाच लागल्या. १९४९ च्या निबंधात त्यांनी फर्मींच्या त्या प्रश्नाचा शब्दशः उल्लेख करून आभार मानले आहेत.

हे बाईंनी आपल्या मुलीला नाचघरात गोल फिरणाऱ्या जोड्यांचं उदाहरण देऊन समजावलं होतं, असं सांगतात. माझ्या वर्गात मी फेर धरायला लावते. गौरी-गणपतीत फुगड्या घालून तयार झालेल्या मुली लाजत नाहीत. सगळ्यांनी रिंगणात एका दिशेने फिरायचं आणि फिरता फिरता प्रत्येकीने स्वतःभोवती गिरकीही घ्यायची. निम्म्या जणींनी फेराच्याच दिशेने गिरकी घ्यायची, निम्म्यांनी उलट. थोड्याच वेळात कळतं की दोघींना सारखे कष्ट पडत नाहीत. केंद्रकातही कण कक्षेत फिरतो आणि त्याला स्वतःची फिरकीही असते. दोन्ही एकाच दिशेने असतील तर ऊर्जा कमी लागते, उलट असतील तर जास्त, आणि हा फरक चांगला मोठा असतो. त्यामुळे ज्या पातळ्या एक वाटत होत्या त्या दोनात फुटतात, काही खाली सरकतात, आणि मोकळ्या जागा बरोबर २८, ५०, ८२, १२६ या आकड्यांवर पडतात. हे फळ्यावर मांडून झालं की वर्ग एकदम गप्प होतो. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली बाईंना गमतीने कांद्याची मॅडोना म्हणायचे, कारण केंद्रकात पापुद्र्यांवर पापुद्रे त्यांना दिसत होते.

जर्मनीत हान्स येन्सन आणि त्यांचे दोन सहकारी स्वतंत्रपणे त्याच उत्तराशी पोहोचले होते. भांडण झालं नाही. बाई आणि येन्सन भेटले, मित्र झाले, आणि १९५५ मध्ये दोघांचं पुस्तकही निघालं. नोबेल १९६३ मध्ये आलं. अर्धं विग्नर यांना, उरलेलं अर्धं बाई आणि येन्सन यांच्यात. भौतिकशास्त्रात मेरी क्युरींनंतर साठ वर्षांनी एका स्त्रीला हे पारितोषिक मिळालं. तिसरी, डोना स्ट्रिकलंड, व्हायला आणखी पंचावन्न वर्षं गेली, आणि त्यांच्या लेझरवरच्या प्रबंधात बाईंच्या जुन्या कामाचा संदर्भ आहे.

पूर्णवेळ पगारी प्राध्यापक म्हणून बाई सान दिएगोच्या विद्यापीठात रुजू झाल्या त्या १९६० मध्ये. वय चोपन्नच्या घरात. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत पक्षाघाताचा झटका आला आणि तब्येत पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. तरी त्या शिकवत राहिल्या. २० फेब्रुवारी १९७२ ला गेल्या. नोबेल जाहीर झालं त्या दिवशी तिथल्या एका वर्तमानपत्राने मथळा दिला होता, 'सान दिएगोच्या आईला नोबेल'. घरात एक आणि कामात एक अशा दोन मापांनी बाईंना आयुष्यभर मोजलं गेलं. आपल्या लेखातलं सेवेचं वाक्य मला त्याच मथळ्याच्या जातीचं वाटतं.

पारितोषिक मिळण्यापेक्षा काम करण्यातच अधिक आनंद होता, असं बाई म्हणत. ते शब्द कोणी माझ्यापुढे ठेवील, म्हणून आधीच लिहिते. मला ते पूर्ण पटतं. तो तास संपल्यावर मलाही तसंच वाटतं. पण कामात आनंद मिळतो हे काम करणाऱ्याने म्हणायचं असतं. पैसे द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने ते म्हणायचं नसतं. ज्यो मायर यांनी बायकोला काम सोडू नकोस असं पुन्हा पुन्हा सांगितलं, हे त्या घराचं मोठेपण आहे. त्या मोठेपणाचा फायदा तीन विद्यापीठांनी घेतला.

आमच्याकडचं चित्र सांगते. याच तालुक्यात माडबनच्या सड्यावर ९९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. त्यावर माझं मत या पत्रात नाही. पण ज्याला प्रकल्प हवा आहे त्याला आणि ज्याला नको आहे त्यालाही, अर्धायुष्य म्हणजे काय, समस्थानिक म्हणजे काय, हे नीट कळलेली मुलं गावात हवीत की नको? माझ्या विद्यार्थ्यांनी अणू हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो मोर्चात आणि पत्रकांत. तो फळ्यावर समजावून सांगणारी व्यक्ती तासाच्या हिशोबाने ठेवलेली, मार्चनंतर तिची गरज नाही, जूनमध्ये ती येईल की नाही हे तिलाच ठाऊक नाही. बारावीतल्या हुशार मुली हे बघतात. मागे एकीला एम.एस्सी. फिजिक्सचं सुचवलं तर ती सरळ म्हणाली, 'मॅडम, तुमच्यासारखं तासावर राहायचं का?' तिने फार्मसीला प्रवेश घेतला. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. मायरबाईंवर पुन्हा लिहाल, आणि जरूर लिहा, तेव्हा १९३० पासून १९६० पर्यंत कुठे पगार होता, कुठे अर्धा होता, कुठे नव्हता आणि तो कोणत्या नियमामुळे नव्हता, हे तारखांसह छापा. आणि तासिकेवरच्या शिक्षकांचं मानधन कोणत्या जिल्ह्यात किती महिन्यांचं थकलं आहे, याची माहिती आपले जिल्हा वार्ताहर शिक्षण कार्यालयातून सहज काढू शकतील. ती बातमी आली तर आमच्या फलकावर ती मी लावीन, कात्रणाच्या शेजारी.

माझं नाव प्रसिद्ध करू नये. मुलाखती जूनमध्ये आहेत.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी